जुने ते होऊन गेले, पण कोणाचे?

सांजवात:
नमस्कार. येथे बरीच वर्षे वाचनमात्र होते. धागा प्रथमच काढते आहे. विषय श्रद्धेचा असला तरी सर्वांनी लिहावे, ख्रिस्ती असण्याची अट नाही.

माझे वडील मद्यपी होते. हे वाक्य आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आता कोणालाही नवे नाही, कारण पप्पा स्वतःच साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्याला कसे पालटले ते सर्वांपुढे सांगताना, ते सांगतात. आमचे घराणे पणजोबांपासून ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातले. पप्पांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला होता. पण चर्चशी त्यांचा संबंध नाताळ आणि लग्ने एवढाच. माझे आणि माझ्या भावाचे सगळे बालपण त्यांच्या दारूत गेले. पुढे एका मित्राने त्यांना प्रार्थना सभेला नेले, त्यांच्यात खरोखरच पालट झाला आणि दारू सुटली. ती आजतागायत सुटलेली आहे, याबद्दल मी देवाचे आभार मानते आणि हे मी उपरोधाने लिहीत नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. पप्पांच्या साक्षीत एक प्रसंग नेहमी येतो: त्यांनी आईचे गंठण सोनाराकडे टाकले, त्या पैशांची दारू प्यायले, आणि घरी आल्यावर तिने विचारले म्हणून तिलाच मारले. या जागी त्यांचा आवाज दाटून येतो, मंडळी ‘आमेन’ म्हणते, आणि मग ते ठरलेले वचन म्हणतात: ‘जर कोणी ख्रिस्ताच्या ठायी असेल तर तो नवी उत्पत्ती आहे, जुने ते होऊन गेले.’ आई तेव्हा बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर गीतांचे पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली असते. त्या रात्रीबद्दल पप्पांनी तिची घरी कधीही क्षमा मागितलेली नाही. आमचीही नाही. भावाने एकदा विषय काढला, तर उत्तर मिळाले, ‘देवाने माझी पापे समुद्राच्या डोहात टाकली, तू ती वर कशाला काढतोस?’

तेव्हा विचारायचे असे की, ज्याच्या हातून घडले तो म्हणतो जुने होऊन गेले; ज्यांनी सोसले त्यांनी भूतकाळ कसा सोडायचा? विश्वास सोडण्याचा माझा विचार नाही, त्यामुळे तसे सल्ले कृपया देऊ नयेत.

तिरकस:
कर्ज घेतले शेजाऱ्याकडून आणि माफ करून घेतले बँकेकडून. बँकेचा दाखला दाखवल्यावर शेजाऱ्याने मुकाट्याने दार लावून घ्यायचे, अशी एकूण अपेक्षा दिसते. धागा उत्तम आहे, वाचतो आहे.

निवृत्त_पाळक:
सांजवातताई, आपण उद्धृत केलेले वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले सतरावे आहे. साक्षीला उभा राहिलेला माणूस सहसा तेथेच थांबतो. अठरावे वचन लगेच समेटाच्या सेवेविषयी बोलू लागते, म्हणजे नव्या उत्पत्तीच्या हाती पहिले काम येते ते तुटलेले जोडण्याचे. हा माझा तर्क नाही, पुढची ओळच आहे.

अशा प्रसंगी ज्याचा आधार हमखास घेतला जातो ते दुसरे वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले: मागील गोष्टी विसरून पुढील गोष्टींकडे धाव घेणे. तो अध्याय पहिल्यापासून वाचला, तर पौल, म्हणजे आधी ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा आणि पुढे प्रेषित झालेला, तेथे काय मागे टाकतो आहे ते दिसते. आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशीपण, नियमशास्त्राविषयी निर्दोष असल्याचा अभिमान. ही त्याच्या मोठेपणाची यादी आहे. मंडळीचा छळसुद्धा त्या यादीत धर्मनिष्ठेचा पुरावा म्हणून येतो. आपल्या हातून ज्यांचे वाईट झाले त्यांना विसरावे, असे तो तेथे म्हणत नाही. उलट प्रेषितांच्या कृत्यांत बाविसाव्या अध्यायात तो यरुशलेमेच्या जमावापुढे उभा राहून स्वतः सांगतो की, स्तेफनाचे (हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा) रक्त पाडले जात असताना मी जवळ उभा होतो, मला ते मान्य होते, आणि मारणाऱ्यांची वस्त्रे मी राखीत होतो. त्याने नाव घेऊन सांगितले.

आणखी एक प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. दिमिष्काहून तो यरुशलेमेस आला तेव्हा तेथील शिष्य त्याला भ्याले. हा खरोखर शिष्य झाला आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. पवित्र शास्त्र त्या शिष्यांना एका शब्दानेही दोष देत नाही. बर्णबाने मध्ये पडून त्याची हकिगत सांगितली, तेव्हा कुठे दार उघडले. विश्वास बसायला वेळ लागणे हे पाप नव्हे, एवढे आपल्या मातोश्रींना माझ्या वतीने अवश्य सांगा.

मध्यरेषा:
मी ख्रिस्ती नाही, म्हणून अधिकाराने बोलत नाही. आमच्याकडे कर्म भोगल्याशिवाय सुटत नाही अशी समजूत असते, तिचेही दुष्परिणाम आहेतच. सोसणाऱ्यालाच ‘तुझे मागच्या जन्मीचे’ म्हणून गप्प बसवता येते. पण ख्रिस्ती क्षमेबद्दल बाहेरून पाहणाऱ्याला एक शंका नेहमी येते. अनेक वर्षे हवे ते करावे आणि एका संध्याकाळी पाण्यात बुडी मारून मोकळे व्हावे, हे फार स्वस्त नाही का? टोमणा मारत नाही, खरोखर विचारतो आहे.

वसईचा_वारा:
@मध्यरेषा, ही शंका आमच्यातल्याच मोठमोठ्यांना आली आहे. डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने 1937 मध्ये नेमका हाच शब्द वापरून चर्चला खडसावले होते: पश्चात्तापाविना मिळणारी क्षमा ही स्वस्त कृपा आहे. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील असल्यावरून 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी दिले गेले, तेव्हा त्यांनी महाग कृपेची किंमतही मोजली.

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे पापनिवेदनानंतर पापांची क्षमा मिळते, पण तेवढ्याने झालेले नुकसान भरून निघत नाही, अशी स्पष्ट शिकवण आहे. चोरलेले परत केले पाहिजे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव सावरले पाहिजे, जखमी केले असेल त्याची भरपाई केली पाहिजे. दादागिरीने लाटलेली भाताची खाचरे परत न करता दर महिन्याला कबुली देणारे महाभाग आमच्या वसईतही आहेत, हा भाग निराळा. तिरकस यांच्या शेजाऱ्याचे पैसे कॅथलिक बँकेतही बुडू शकतात. पण निदान नियम तरी लिहून ठेवलेला आहे.

गोंयकार:
कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, गेल्यावर पाद्री प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगतात. आमच्या वाड्यावर एकाने कुंपण शेजाऱ्याच्या जमिनीत सरकवले होते. त्याला पाद्रींनी प्रार्थना सांगितली नाही, ‘आधी कुंपण मागे घे, मग ये’ म्हणाले. तो गृहस्थ त्यानंतर दुसऱ्या गावच्या पाद्रींकडे कुमसाराला जाऊ लागला, असे गावात सांगतात. कबुली गुप्त असते, मग हे गावाला कसे कळले, असे विचारू नये.

तिरकस:
कुंपणानेच सांगितले असणार.

पाखरमाया:
कौटुंबिक हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रियांसोबत मी समुपदेशनाचे काम करते; त्यांत ख्रिस्ती भगिनीही येतात. धाग्यातील प्रसंग मी वेगवेगळ्या घरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की, गंठणाऐवजी पाटल्या किंवा शिलाई मशीन एवढाच फरक उरतो.

क्षमा आणि समेट या दोन गोष्टी प्रवचनांत सरमिसळ होऊन येतात, आणि त्याची झळ बाईला बसते. क्षमा ही दुखावलेली व्यक्ती एकटी करू शकते, देवासमोर, स्वतःच्या वेळेने. समोरच्याने काही केले नाही तरी. समेटाला मात्र दोघे लागतात, आणि त्यातल्या एकाने काय घडले ते मान्य केलेले असावे लागते. ‘सत्तर वेळा सात’ म्हणणाऱ्या प्रभूने लूकच्या सतराव्या अध्यायात ‘तो पश्चात्ताप करील तर’ असेही म्हटले आहे. हिंसा चालू असेल तेथे क्षमा केली म्हणून त्याच घरात राहिले पाहिजे असे मुळीच नाही. घराबाहेर पडून, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागूनही, मनातून क्षमा करता येते. सांजवात यांच्या घरी मारहाण थांबलेली आहे, म्हणून हे त्यांच्यासाठी नव्हे. येथे गुपचूप वाचणाऱ्या एखादीसाठी लिहिले.

सांजवात यांना एक विचारावेसे वाटते. आईंना काय हवे आहे, हे त्यांना कोणी विचारले आहे का? आपण आणि भाऊ तिच्या वतीने रागावला आहात, पप्पा तिच्या वतीने मोकळे झाले आहेत. तिचे म्हणणे धाग्यात अजून आलेले नाही.

सांजवात:
पाखरमाया, आपला प्रश्न वाचून थांबले. विचारलेले नाही. विचारून पुन्हा लिहिते.

उत्तरा_नक्षत्र:
क्षमेचे सामर्थ्य प्रत्यक्ष पाहायचे असेल तर आपल्याच देशात दोन उदाहरणे आहेत. 1999 च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व टिमथी ही त्यांची दहा व सहा वर्षांची मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि बारिपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा पुढे चालवली. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरे उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचे. मध्य प्रदेशात भूमिहीन मजुरांमध्ये काम करणाऱ्या या केरळच्या भगिनीचा 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून जाताना भोसकून खून झाला. मारेकरी समंदरसिंग याला तुरुंगात जाऊन त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठीही शब्द टाकला आणि 2006 मध्ये तो सुटला. एवढे मोठे दुःख सोडता येते, तर आपली दुःखे का सोडता येऊ नयेत?

फिर्यादी:
उत्तराताई, उदाहरणे खरी आहेत, आदर आहे. शेवटच्या वाक्याशी मात्र तीव्र असहमत. पर्वत चढून गेलेल्यांची नावे सांगून गुडघे दुखणाऱ्याला जिना चढायला लावण्यासारखे होते ते. शिवाय दोन्ही कथांत काय घडले ते नीट पाहू. स्टेन्स खटल्यात क्षमेमुळे न्यायालय थांबले नाही. त्यातला मुख्य आरोपी दारासिंग याची फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. क्षमा आपल्या ठिकाणी आणि शिक्षा आपल्या ठिकाणी. समंदरसिंगनेही ‘देवाने मला माफ केले, आता तुम्ही गप्प बसा’ असे म्हटले नाही. तो शिक्षा भोगत होता, त्याला पश्चात्ताप झाला होता, आणि सुटल्यावर तो राणी मारियांच्या कबरीपाशी जाऊन नमस्कार करीत आला आहे. राखी बांधून घ्यायला त्याने हात पुढे केला होता. येथे वडिलांचा हात ध्वनिवर्धकावर आहे.

उत्तरा_नक्षत्र:
शेवटचे वाक्य तुलनेच्या सुरात उतरले, ते मागे घेते. उदाहरणे राहू द्यावीत.

बापमाणूस:
सर्वांनी वडिलांना बरेच झोडपले, आता त्यांच्या बाजूचेही कोणी लिहावे म्हणून लिहितो. मी साठी ओलांडलेला आहे. आमच्या पिढीत बाप मुलांची क्षमा मागतो ही गोष्ट कोणी पाहिलेलीच नव्हती. बायकोची तर त्याहून नाही. शेकडो माणसांसमोर ‘मी पापी’ म्हणणे त्या मानाने सोपे जाते, कारण तेथे सगळेच पापी म्हणून बसलेले असतात. स्वयंपाकघरात एकट्या बायकोसमोर उभे राहून तेच म्हणायचे तर जीभ उचलत नाही. हे समर्थन नाही. पण या गृहस्थांना लबाड ठरवण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की, चर्चमध्ये त्यांचा जो आवाज दाटून येतो तो खोटा नसावा. कदाचित जे घरी म्हणायचे आहे ते त्यांना चर्चमध्येच म्हणता येत असेल, आणि आई तिसऱ्या बाकावर ऐकते आहे हे त्यांना पक्के माहीत असेल.

मार्था_नव्हे_मरिया:
@बापमाणूस, शक्य आहे. पण मी गेली अनेक वर्षे प्रार्थना सभांचे आयोजन करते आहे, तेव्हा साक्षीच्या घडणीबद्दल थोडे कडू लिहिते. साक्षीचा एक साचा होऊन बसला आहे. पहिला भाग जितका काळा तितका दुसरा उजळ दिसतो, त्यामुळे काळा भाग दर वेळी थोडा गडद होत जातो. मार खाणारी बायको आणि उपाशी झोपलेली मुले त्यात असावी लागतात. ती नसतील तर साक्ष फिकी पडते. ती बायको सभेत बसलेली असते, तिच्याकडे माना वळतात, आणि सभा संपल्यावर चहाच्या वेळी बाया तिला सांगतात, ‘तू फार भाग्यवान, तुझा नवरा देवाने परत दिला.’ तिने हसून मान हलवायची. मी आमच्या सभेत आता नियम केला आहे की, साक्षीत दुसऱ्या कोणाचा प्रसंग यायचा असेल तर आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी. दोघे भाऊ रुसून दुसऱ्या सभेला जाऊ लागले.

लोखंडी_पूल:
दारू सुटलेल्या माणसाच्या बाबतीत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची वाट येथे सांगण्यासारखी आहे. 1935 मध्ये अमेरिकेत ओहायोतील अॅक्रन येथे ही चळवळ सुरू झाली. ती ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या मुशीतून निघाली, म्हणून तिच्या बारा पायऱ्यांत पश्चात्ताप आणि कबुली ठासून भरलेली आहे, जरी आज तेथे कोणत्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा माणूस येतो. पाचव्या पायरीत चुकांची कबुली देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ द्यायची असते. केवळ देवाजवळ दिलेली पुरत नाही. आठव्या पायरीत आपण ज्यांना दुखावले त्या सगळ्यांची यादी करायची. नवव्या पायरीत शक्य तेथे त्या प्रत्येकाकडे जाऊन भरपाई करायची. मात्र तसे केल्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नाही. या अपवादामागे अनुभव आहे. स्वतःचे ओझे उतरवण्यासाठी दुसऱ्याची जखम उघडी करणे याला तेथे भरपाई मानत नाहीत.

अनेक जण दारू सोडून पहिल्या तीन पायऱ्यांवर बसून राहतात. घरचे लोक म्हणतात, ‘प्यायचे थांबले, पण माणूस तसाच आहे.’ घरच्यांसाठी अल-अनॉन या नावाने वेगळे गट आहेत, आणि तेथे पिणाऱ्याला सुधारण्याऐवजी आपण स्वतः कसे सावरायचे यावर बोलले जाते. सांजवात यांच्या मूळ प्रश्नातला दुसरा अर्धा भाग मला तेथला वाटतो.

जुनी_वही:
मराठी ख्रिस्ती घरातल्या या प्रश्नावर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीचा एक मोठा दाखला आहे, तो लक्ष्मीबाई टिळकांचा. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला अंधारात ठेवून. त्यांना जुने टाकून नवे होता आले; लक्ष्मीबाईंच्या वाट्याला लहान मूल, नातलगांचा आधार आणि लोकांचे बोलणे आले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या त्यांच्याकडे नगरला आल्या, पण सोवळेओवळे घेऊनच. ते हळूहळू, स्वतःच्या विचाराने, गळून गेले, आणि 1900 मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली असती तर काय झाले असते, देव जाणे.

येथे त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा उल्लेख करावाच लागतो. नवऱ्यावर जीव असलेली, त्याचा देव स्वतःचा केलेली ही बाई त्याचा विक्षिप्तपणा, त्याने दिलेला ताप, स्वतःचा संताप, यांतले काहीही गुळगुळीत करत नाही. सगळे सांगते आणि हसवतेही. भूतकाळ सोडणे म्हणजे तो न सांगणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ते पुस्तक पुन्हा वाचावे. आणि सांगणारी कोण आहे, हे पाहावे.

भीमातीर:
थोडे बाजूचे वाटेल, पण लिहितो. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ‘जुने ते होऊन गेले’ हे त्यांच्यासाठी जातीबद्दलही होते. त्यांनी सोडली, गावाने सोडली नाही, आणि मंडळीतल्या सोयरिकी जुळवताना मंडळीनेही पुरती सोडली नाही. सरकारच्या दृष्टीने मात्र ती सुटली: 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही, शिखांना तो 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाला, आम्हांला नाही. तेव्हा, भूतकाळ झाला असे एकाने म्हटल्याने तो होत नाही, हे सांजवात यांच्या आईंइतकेच आम्हांलाही ठाऊक आहे.

निवृत्त_पाळक:
भीमातीर, हे बाजूचे नाही. माझ्या सेवेत लग्नाच्या बैठकांना मी बसलेलो आहे, त्यामुळे आपले म्हणणे नाकारू शकत नाही. यावर वेगळा धागा काढलात तर तेथे सविस्तर लिहीन.

येथे मला जक्कय आठवतो. यरीहोचा हा जकातदार झाडावर चढला होता, एवढेच आपण शब्बाथ शाळेच्या मुलांना शिकवतो. खाली उतरल्यावर त्याने अर्धे द्रव्य गरिबांना देऊ केले आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो म्हणाला. ते ऐकल्यावर प्रभू म्हणतो, ‘आज या घरास तारण प्राप्त झाले आहे.’ या घरास म्हणतो, या माणसास म्हणत नाही. जक्कयाची बायको आणि मुले आतच असावीत.

आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आज्ञाच आहे: वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. साक्ष हेही अर्पणच आहे. आपल्या वडिलांच्या पाळकांनी हे त्यांना सांगायला हवे होते.

मध्यरेषा:
माझ्या ‘स्वस्त’ला इतकी महाग उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. आभार. एक विचारतो: धर्मांतर खरे असूनही माणसाला आपण काय केले ते दिसायला वेळ लागतो, असेही होते ना? सांजवात यांचे वडील त्या मधल्या अवस्थेत असतील.

वसईचा_वारा:
होते. सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधील जॉन न्यूटन यांचे. 1748 मध्ये समुद्रातील वादळात त्यांचे मन देवाकडे वळले, आणि त्यानंतरही 1754 पर्यंत ते गुलामांची जहाजे चालवत होते. बायबल वाचत, प्रार्थना करत, खाली तळघरात साखळदंडात माणसे असताना. 1764 मध्ये ते पाळक झाले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध स्वतःचा सहभाग मान्य करणारी पुस्तिका त्यांनी 1788 मध्ये लिहिली, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. ती कबुली उपयोगी पडली; 1807 मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला तेव्हा न्यूटन हयात होते. पण मधल्या चाळीस वर्षांत किती जहाजे गेली, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. म्हणून मधली अवस्था आहे हे मान्य करावे, मात्र तिला मुदत असावी.

तिरकस:
सांजवातताईंच्या आईंनी 40 वर्षे थांबू नये, एवढीच विनंती.

सांजवात:
सर्वांचे मनापासून आभार. काल आईशी बोलले. भांडी लावत होती, म्हणून मीही ओट्यापाशी उभी राहिले. मी विचारले, पप्पांनी क्षमा मागावी असे तुला वाटते का? तिचे उत्तर मला अपेक्षित नव्हते. ती म्हणाली, ‘क्षमा मी केव्हाच केली, ते माझे आणि देवाचे झाले. त्याने मागितली काय, न मागितली काय. पण ती गंठणाची गोष्ट माझी आहे. ती दर वेळी चारचौघांत सांगायला त्याला कोणी दिली?’ ते गंठण तिच्या आईने दाणे निवडायला जाऊन जमवलेल्या पैशांतून केले होते, हे मला काल कळले. पप्पांच्या साक्षीत ते कधीच आलेले नाही. तेथे ते नुसतेच ‘बायकोचे गंठण’ असते. नंतर म्हणाली, ‘तू आणि तुझा भाऊ माझ्यासाठी रागावता, ते बरे वाटते, पण मला सारखे ते दिवस आठवायला लावू नका.’ म्हणजे थोडे आम्हांलाही मिळाले.

आज सकाळी मी आणि भाऊ पप्पांशी बोललो. निवृत्त पाळकांनी दिलेले मत्तयाचे वचन काढून दाखवले. पप्पा चिडले, ‘तुम्ही मला शास्त्र शिकवणार का’ म्हणाले आणि उठून गेले. दुपारी आईला विचारत होते की, गंठण किती तोळ्यांचे होते. तिने सांगितले नाही. ‘बघू’ म्हणाली.

मार्था_नव्हे_मरिया:
आईंना नमस्कार सांगा. आमच्या सभेच्या नियमाचे कारण यापुढे विचारले गेले तर मी त्यांचे वाक्य सांगेन. अर्थात त्यांची परवानगी असेल तर.

बापमाणूस:
किती तोळ्यांचे होते असे विचारले, हे चांगले लक्षण आहे. सोनाराकडे चालले असतील तर घाईने नवे आणून देऊ नयेत, आधी तिला विचारावे, एवढे त्यांना कोणीतरी सांगा. मी सांगितले असते, पण माझे घरीसुद्धा कोणी ऐकत नाही.

पाखरमाया:
बापमाणूस यांच्याशी पूर्ण सहमत. आईंनी ‘बघू’ म्हटले आहे, तर आता सगळ्यांनी, आपण मुलांनीही, बघू द्यावे. आणि सांजवात, आपल्या स्वतःच्या बालपणाबद्दल आपल्याला काय हवे आहे, तेही केव्हातरी लिहा. येथे नाही लिहावेसे वाटले तर नको.

सांजवात:
ते येथे नको. @लोखंडी_पूल, अल-अनॉनच्या मराठीतून चालणाऱ्या सभा नगर किंवा पुण्याकडे असतील तर कळवाल का? भाऊही येईन म्हणतो आहे.

लोखंडी_पूल:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.